खाणीच्या तळ्याचा केसपेपर

व्यक्तीचे वर्णन: स्त्री. वय एकसष्ट वर्षे पूर्ण. बांधा मध्यम, उंची काउंटरच्या पलीकडून दिसण्याइतपत. पूर्वीचा व्यवसाय: कान, नाक व घसा तज्ज्ञ, खासगी, नोंदणीकृत, एकोणतीस वर्षे. सध्याचा व्यवसाय: शाळकरी मुलांना डबकी, दलदल व तत्सम जागी नेणे. हुद्दा: नाही. ओळखीची खूण: खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या, पिठाची चाळणी, मोज्यांचा जादा जोड. वर्तणूक: कार्यालयात आल्यास बसत नाही. बसल्यास उठत नाही.

असं वर्णन कुठल्या फाइलीत सापडणार नाही. पण नगरपालिकेच्या तीन विभागांतल्या माणसांना एका बाकावर बसवून डॉक्टरबाईंबद्दल विचारलं, तर ते साधारण हेच सांगतील, आणि शेवटच्या दोन वाक्यांवर तिघांचं एकमत होईल. तीन विभागांचं एकमत होण्याचा तेवढाच एक प्रसंग.

डॉक्टरबाईंचा दवाखाना बाजारपेठेत होता, पहिल्या मजल्यावर. खाली चष्म्याचं दुकान, वर कान-नाक-घसा, त्यामुळे एकाच जिन्यात माणसाच्या डोक्याची बरीचशी कामं उरकत. एकोणतीस वर्षांत त्यांनी लोकांच्या कानांतून मळ, मणी, खोडरबराचे तुकडे आणि एकदा एक जिवंत मुंगी काढली. मुंगीला त्यांनी खिडकीतून सोडून दिलं. हे त्या स्वतःच सांगतात, आणि इथूनच सगळं सुरू झालं असं कुणी म्हणालं की चिडतात.

सुरू झालं ते श्रवणचाचणीच्या खोलीत. खोली म्हणजे कपाटाहून जराशी मोठी पेटी, भिंतींना आतून जाड कापड, एक खुर्ची, एक हेडफोन. नऊ वर्षांची एक मुलगी हेडफोन घालायला घाबरत होती. तिला बोलतं करावं म्हणून डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळी उठल्याबरोबर काय काय ऐकू येतं, सांग बघू."

"मिक्सर."

"आणखी?"

"बाबांचा फोन."

"आणखी?"

"खालच्या काकांची गाडी मागे येते ना, ते."

"आणि?"

मुलीने पुष्कळ विचार केला. "वरच्यांचा मिक्सर."

पुढे महिनाभर डॉक्टरबाईंनी प्रत्येक पेशंटला हाच प्रश्न विचारला आणि उत्तरं लिहून ठेवली. पेशंट दोनशे सहा. सजीवाचा आवाज सांगणारे अकरा. त्यांतले सात जण कुत्रा म्हणाले, तीन कावळा, आणि एका सुनेने सासूबाई असं सांगितलं. डॉक्टरबाईंनी तिचंही उत्तर ग्राह्य धरलं.

"कान शाबूत आहेत आणि ऐकायला काही नाही," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "याला काय लिहून देऊ?"

नवरा नकाशे काढणारा निवृत्त माणूस. रेघ सरळ, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "हवापालट."

ते औषध त्यांनी स्वतःच घेतलं. छप्पन्नाव्या वर्षी दवाखाना एका तरुण डॉक्टरला दिला, यंत्रांसकट. स्वतःकडे ठेवले दोन चिमटे, एक टॉर्च आणि छापील लेटरहेडचे बारा कोरे पॅड, डाव्या कोपऱ्यात कानाचं चित्र असलेले. दोन वर्षं त्या स्वतःच्या मुलीपेक्षा लहान पोरापोरींबरोबर वर्गात बसून प्राणिशास्त्र शिकल्या. परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला. डॉक्टरीतल्या पहिल्या वर्गापेक्षा त्याचं कौतुक त्यांना जास्त आहे.

घरच्यांनी अर्थातच हसून घेतलं. दीर म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं माणसांचे कान साफ केलेत, आता बेडकांचे करणार?"

"बेडकांचा पडदा बाहेरच असतो, भावजी. आत काही अडकून बसत नाही. माणसांचं तसं नाही."

दीर त्यानंतर काही महिने जपून बोलत.

शहराच्या कडेला दगडाची जुनी खाण आहे. दगड संपला तसा ठेकेदार निघून गेला, खड्ड्यात पाणी साठलं, आणि चाळीसएक वर्षांत त्याचं तळं झालं. एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला बसचं आगार, तिसरीकडे कामगारांच्या खोल्या. कुणी ते खोदलं नाही, कुणी बांधलं नाही, कुणी त्याच्या काठावर पाटी लावली नाही. म्हणूनच बहुधा ते जगलं. डॉक्टरबाई शाळेत गेल्या आणि शास्त्राच्या बाईंना म्हणाल्या, मला आठवड्यातून दोन संध्याकाळी तुमची वीस मुलं द्या.

"मुलं बुडली तर?" शास्त्राच्या बाई म्हणाल्या. त्या तरुण होत्या आणि नोकरीत कायम व्हायच्या होत्या.

"कडेला पाणी पोटरीएवढं आहे. त्यात बुडायचं तर अभ्यास करावा लागेल. तुमच्या मुलांना अभ्यासाची सवय आहे का?"

शिकवायची डॉक्टरबाईंना एकच रीत येत होती, ती म्हणजे पेशंट तपासायची. दिवेलागणीला मुलं काठावर बसत, डोळे मिटून, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक केसपेपर. रुग्णाचे नाव, माहीत नसल्यास ठेवावे. आवाज कसा. किती सेकंद. किती वेळाने पुन्हा. कुठल्या दिशेने. मुलांनी नावं ठेवली. करकरणाऱ्या बेडकाचं नाव दार. बाटली उघडल्यासारखा आवाज काढणारा तो बूच. एकाचं नाव खोकला, आणि सगळ्यांत शेवटी, जेवण झाल्यासारखा सावकाश बोलणारा तो ढेकर. तीन वर्षांत असे अकरा आवाज जमले आणि चौदाशेच्या वर केसपेपर. नऊ आवाजांची पुस्तकातली नावं सापडली. खोकला आणि ढेकर कुठल्याच पुस्तकात बसेनात.

केसपेपरच्या तळाशी उपचाराचा रकाना होता, आणि त्यात दर वेळी एकच मजकूर लिहायचा: काहीही करू नये.

"मग रकाना ठेवलाच कशाला?" एका मुलीने विचारलं.

"काही न करणं हासुद्धा उपचार असतो. तो शिकायला मला पंधरा वर्षं लागली. तुम्हाला फुकट मिळतोय."

तर मुलं आवाज ऐकायला शिकली. खोल्यांतल्या बायका पाणसाप दिसला की पूर्वी काठी शोधत, त्या आता शाळेत निरोप धाडू लागल्या. तळ्यातल्या टिबुकली पक्ष्यांच्या जोडीने दोनदा पिल्लं काढली. आणि मग एका सोमवारी शाळेच्या फाटकावर नोटीस डकवलेली दिसली: खाणीतील निरुपयोगी पाणसाठा बुजवून बस आगारासाठी वाहनतळ करण्याचे योजिले आहे.

निरुपयोगी. हा शब्द ज्याने लिहिला त्याने तळं पाहिलं नव्हतं, हे सांगायला नकोच. पाहणारा माणूस असले शब्द लिहीत नाही. तो एक तर 'सुंदर' लिहितो, नाही तर 'घाण'.

वाचवायचा मार्ग एक होता. नगरपालिकेकडे जिवंत पाणवठ्यांची नोंदवही आहे. तीत नाव चढलं की त्या पाण्यात मातीचं एक घमेलंही टाकता येत नाही. नाव चढायला दोन गोष्टी लागतात: कुणी तरी लेखी अहवाल द्यायचा, आणि मग पर्यावरण अधिकाऱ्याने स्वतः येऊन पाण्यात सजीव आहेत हे डोळ्यांनी बघायचं. पाहणीची तारीख पडली अठरा. डॉक्टरबाईंनी अहवाल पाच तारखेला लिहून काढला, हाताने, लेटरहेडवर, चार पानं.

"दे इकडे, मी टाइप करतो," नवरा म्हणाला.

"नको. टाइप केलेलं कुणी वाचत नाही. डॉक्टरचं लेटरहेड बघितलं की माणूस कसा सावरून बसतो."

"सावरून बसेल, पण अक्षर लागायला नको का?"

"केमिस्टला लागतं."

"केमिस्टला आधीच ठाऊक असतं काय असणार ते." त्याने पानं उलटली. "आणि अगं, तुला हवंय काय, ते पार चौथ्या पानावर आहे. पहिल्याच ओळीत लिही ना, तळं बुजवू नका म्हणून."

"तपासायच्या आधी उपचार लिहू? अहो, असं कुणी करतं का!"

कुणीही करत नाही. डॉक्टर आधी पेशंटचा पत्ता लिहितो, मग इतिहास, मग तपासणीत आढळलं ते, मग निदान, आणि सगळ्यात शेवटी काय करायचं ते. डॉक्टरबाईंनी आयुष्यभर असंच लिहिलं होतं. त्यामुळे पहिलं पान असं झालं: रुग्ण, खाणीचे तळे. वय अंदाजे चाळीस. पत्ता, शाळेला लागून. आढळले ते: साचलेले उथळ पाणी, कडेने गवत, पाण्यात अळ्या मुबलक, दर चाळणीस वीस ते तीस. या अळ्या चतुरांच्या आहेत आणि त्यांचा खुराक म्हणजे डासांच्या अळ्या, हे दुसऱ्या पानावर होतं. बेडकांच्या अकरा जाती तिसऱ्या पानावर. आणि चौथ्या पानाच्या मध्यावर, एकट्या ओळीत: उपचार, काहीही करू नये.

आवक खिडकीतल्या कारकुनाने पत्र घेतलं. त्याने ते वाचलं नाही, आणि यात त्याची चूक नाही. वाचणं हे विभागाचं काम, शिक्का मारणं हे खिडकीचं. त्याने शिक्का मारला, आकडा टाकला, डाव्या कोपऱ्यातला कान पाहिला.

"पर्यावरण विभागाला द्यायचंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"जाईल बरोबर. डॉक्टरांचा कागद म्हटल्यावर आम्हाला काय कळत नाही का?"

त्याला कळत होतं. डॉक्टरांचे कागद आरोग्य विभागाला जातात. वर्षानुवर्षं जातात. डॉक्टरबाई जिना उतरल्यावर त्याने ते आरोग्याच्या ट्रेमध्ये ठेवलं. शस्त्रक्रियेनंतर कापसाचे बोळे नर्सने मोजले तरी स्वतः पुन्हा मोजणाऱ्या बाईंनी एक ट्रे मात्र तपासला नाही.

आठ तारखेला सकाळी साडेनऊला शास्त्राच्या बाईंचा फोन आला.

"डॉक्टर, फवारणीवाले तुम्ही बोलावलेत?"

"मी? मी कशाला बोलावू?"

"ते म्हणतायत तुमचंच पत्र आहे."

डॉक्टरबाई पिशवी न घेता निघाल्या. पोचल्या तेव्हा तळ्याच्या पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलं होतं. दोन माणसं पाठीवरचे पंप उतरवून नळ्या गुंडाळत होती. थोरल्याने त्यांना ओळखलं. घामेजल्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"या बाई. बघून घ्या, कोपरा सोडला नाही."

"काय टाकलंत?"

"जळकं ऑइल. आणि त्याच्यावर औषध. एरवी एकच मारतो. डॉक्टरांचं काम आहे म्हणून दोन्ही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"साहेबांनी. साचलेल्या पाण्याचं डॉक्टरनं कळवलं की अठ्ठेचाळीस तासांत जावंच लागतं, नियम आहे. तसे लोक वर्षवर्ष ओरडतात हो. आम्ही येतो का?"

पाण्यावर तेलाचा पापुद्रा आला की वर येऊन श्वास घेणारं जे जे खाली असतं ते कोंडून मरतं. हे कळायला घशाचा डॉक्टर लागत नाही. डॉक्टरबाईंनी चपला काढल्या आणि शास्त्राच्या बाईंकडे कापड मागितलं, असेल तेवढं. स्नेहसंमेलनाचा मखमली पडदा आला. त्याचं एक टोक डॉक्टरबाईंनी धरलं, दुसरं शास्त्राच्या बाईंनी, आणि कमरेएवढ्या पाण्यात दोघी तेल एका कडेला ओढत निघाल्या. थोरला फवारणीवाला जरा वेळ बघत राहिला. मग त्याने विजारीचे पाय दुमडले.

"अहो बाई, मारायचं नव्हतं तर आधी सांगायचं ना," असं म्हणत तो पडद्याच्या मध्यभागी उतरला.

आधी सांगितलं होतं. चार पानं सांगितलं होतं. डॉक्टरबाई पडदा ओढत राहिल्या. तोंड उघडलं तर तेलाचा वास आत जात होता. दुपारपर्यंत चौथा हिस्सा पाणी मोकळं झालं. मग पडदा फाटला.

तिसऱ्या दिवशी मेलेले वर आले. आधी चतुरांच्या अळ्या, मग शेपटी गळायच्या बेतात आलेले बेडूकमासे, मग मोठे बेडूक, पोटाची पांढरी बाजू वर करून. टिबुकलीची जोडी त्याच दिवशी दिसेनाशी झाली. डॉक्टरबाई आणि शास्त्राच्या बाई सकाळ-संध्याकाळ चाळणीने गोळा करत, मोजत, फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत भरत. बाटलीवर तारीख, वेळ, जागा. मोठ्या बेडकांत दार होता, बूच होता. ढेकर कसा दिसतो हे कुणालाच माहीत नव्हतं, तो फक्त ऐकलेला होता. तेव्हा मेलेल्यांत तो होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

आरोग्य निरीक्षकांनी डॉक्टरबाईंना उठून खुर्ची दिली.

"या, या. बघा, तिसऱ्या दिवशी काम. आणि लोक म्हणतात, सरकारी काम आणि सहा महिने थांब!"

"चौथं पान वाचलंत?"

"चौथं?" त्यांनी फाइल ओढली. "पहिल्यावरच सगळं होतं की. शाळा, साचलेलं पाणी, अळ्या. अक्षर जरा हे आहे तुमचं, पण मुद्दा अगदी चोख."

"त्या चतुराच्या अळ्या होत्या. त्या डासांच्या अळ्या खातात. तुम्ही डासांचे शत्रू मारलेत."

"डॉक्टर, राग मानू नका. अळी ती अळी. प्रत्येकीला आडनाव विचारून फवारत बसलो तर साथ येईल गावात."

"चौथं पान उघडा."

त्यांनी उघडलं. नाकाजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग ओळ लागली.

"काहीही करू नये, म्हणता. मग आम्हाला कळवलंत कशाला?"

"तुम्हाला कळवलंच नव्हतं!"

हा आवाज बाहेर आवक खिडकीपर्यंत गेला. कारकुनाने मान वर केली आणि पुढच्या कागदावर शिक्का मारला.

या प्रकरणात कामचुकार कुणीच नाही, आणि सगळ्यात संताप यावा अशी गोष्ट हीच. खिडकीने शिक्का मारला. विभागाने नियम पाळला. फवारणीवाल्यांनी सांगितल्याच्या दुप्पट काम केलं. ज्या नगरपालिकेत रस्त्यावरचा खड्डा वयात येईपर्यंत बुजत नाही, तिथे साखळीतली सगळी माणसं एकाच आठवड्यात कामाला आली, वेळेवर आली आणि मन लावून राबली. मधे एक, फक्त एक आळशी माणूस असता, कागद ट्रेमध्ये ठेवून चहाला जाणारा, तर बेडकांच्या अकरा जाती जगल्या असत्या. पण आळशी माणूस हवा तेव्हा मिळत नाही. तो पेन्शनच्या खिडकीत बसलेला असतो.

आणि डॉक्टरबाई? त्यांनी नियमाप्रमाणे केसपेपर लिहिला होता. घरी येऊन त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला.

"बोला की," त्या म्हणाल्या. "म्हणा, मी सांगितलं होतं म्हणून."

"म्हणून काय होणार?"

"मला जरा बरं वाटेल."

"मग नाही म्हणत," तो म्हणाला आणि समोर बसून राहिला.

अठरा तारखेला सकाळी अकरा वाजता पर्यावरण अधिकारी आले. उन्हाची टोपी, हातात फळी, फळीला फॉर्म. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बोलायला सोपं गेलं असतं.

"पाहणी पुढे ढकला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक मोसम जाऊ द्या."

"त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी यायला हवा होता."

"पंधरा दिवसांपूर्वी सगळे जिवंत होते!"

अधिकाऱ्यांनी पाण्याकडे पाहिलं. कडेच्या गवतावर तेलाची काळी रेघ होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं. "सजीव आढळतात का? फक्त हो की नाही सांगा."

"मारले."

"तसा रकाना नाही."

डॉक्टरबाईंनी पिशवीतून बाटल्या काढून ओळीने दगडावर मांडल्या. चौदा बाटल्या. "नऊशे बारा आहेत. मोजा. मेलेलं आहे म्हणजे कधी तरी जिवंत होतं, एवढं तरी लिहाल?"

अधिकारी उकिडवे बसले. एक बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली, आत पाय फुटलेला बेडूकमासा होता. बाटली त्यांनी हळूच, होती त्याच जागी ठेवली.

"बाई, मला समजतंय. पण फॉर्म आजचा आहे."

"एकोणतीस वर्षांत मी कुणाला न तपासता मेला म्हटलं नाही. तुम्ही निदान ऐका. पाच मिनिटं. डोळे मिटून."

त्यांनी खरोखर डोळे मिटले. शास्त्राच्या बाईंनीही मिटले. सकाळी अकराच्या उन्हात बेडूक ओरडत नाहीत, अगदी सुखी तळ्यातसुद्धा नाहीत. हे तिथे फक्त डॉक्टरबाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्या कान देऊन उभ्या होत्या. आगारात एक बस मागे घेत होते, तिचा आवाज आला. मग पाच मिनिटं झाली.

अधिकाऱ्यांनी 'आढळले नाहीत' समोर खूण केली, आरोग्य विभागाचा फवारणीचा दाखला मागे टाचला आणि अहवाल देणाऱ्या व्यक्तीच्या सहीसाठी फळी पुढे केली. डॉक्टरबाईंनी पेन घेतलं. सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहायला सुरुवात केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं, पहिलीतली मुलं पाटीवर गिरवतात तसं. जन्मात पहिल्यांदाच त्यांचं अक्षर कुणालाही लागेल असं आलं: 'जिवंत होते. नगरपालिकेने मारले.'

"असं लिहिता येत नाही हो इथे," अधिकारी म्हणाले.

"आलं की."

अधिकाऱ्यांनी ते खोडलं नाही. तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

पुढे डॉक्टरबाईंनी अपील केलं. ते नवऱ्याने टाइप केलं, कोऱ्या कागदावर, आणि मागणी पहिल्या ओळीत. अपील योग्य विभागात योग्य दिवशी पोचलं. सुनावणीला सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली. भरावाच्या कामाला चार महिन्यांनंतरची. या दोन तारखा एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दोन टेबलांवर ठरल्या, आणि दोन्ही टेबलांचा आपापसात पत्रव्यवहार नाही.

मुलांचा वर्ग बंद झाला नाही. शास्त्राच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर, निदान या वर्षी मुलांना दुसरीकडे नेऊ. किती वाईट वाटतंय त्यांना."

"वाटू दे. मलाही वाटतंय. ते तासाचाच भाग आहे."

मुलं काठावर बसली, डोळे मिटून, मांडीवर केसपेपर घेऊन. पंचवीस मिनिटांनी डॉक्टरबाईंनी कागद गोळा केले. वीसच्या वीस मुलांनी 'आवाज' या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. उपचाराच्या रकान्यात काय लिहायचं हे कुणी विचारलं नाही; बहुतेकांनी तो कोरा ठेवला होता. एकीने लिहिलं होतं, 'कुणाला तरी रागवावे.' डॉक्टरबाईंनी त्यापुढे बरोबरची खूण केली.

नगरपालिकेच्या दप्तरात खाणीची नोंद पूर्ण झाली. पर्यावरण विभाग: निर्जीव पाणसाठा. आरोग्य विभाग: डास-उत्पत्तीमुक्त, कार्यवाही मुदतीत, शेरा समाधानकारक. बांधकाम विभाग: वाहनतळास योग्य. तिन्ही सह्या एकाच तारखेच्या आहेत.

महिन्याभरात तेलाचा पापुद्रा विरून गेला. शास्त्राच्या बाईंनी पाण्यात चाळणी घातली. दर चाळणीस अळ्या निघाल्या ऐंशी ते नव्वद, सगळ्या डासांच्या.